डीव्हीडी अडकते ती नेमकी कितव्या मिनिटाला?

घरी राईट केलेली डीव्हीडी अडकली की आपल्याकडे उपाय ठरलेला. बाहेर काढायची, शर्टाच्या टोकानं गोल गोल पुसायची, एक फुंकर मारायची आणि परत आत घालायची. कधी कधी चालतेही. नाही चालली तर 'डिस्कच बेकार' म्हणून राईट करून देणाऱ्याला शिव्या, आणि शेजाऱ्यांच्या प्लेअरवर चालली तर 'आपला प्लेअरच बेकार'. या सगळ्या धांदलीत एक काम राहून जातं. अडकली तेव्हा प्लेअरवर वेळ किती दिसत होती, हे कुणीच बघून ठेवत नाही. निम्मं निदान त्या आकड्यात असतं.

कोल्हापुरात माझ्याकडे अशा अडकणाऱ्या डिस्क येतात, त्या बहुतेक घरगुती. लग्नं, बारशी, जोतिबाची चैत्र यात्रा, खासबागेतल्या कुस्त्या, शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने. कधीकाळी व्हीएचएस कॅसेटवर नाहीतर मिनी-डीव्ही टेपवर शूटिंग झालं, ते डीव्हीडीवर उतरवलं आणि मग मामाला एक, आत्याला एक अशा प्रती निघाल्या. हा लेख अशाच प्रतींबद्दल आहे. बाजारातल्या सिनेमाच्या डिस्कवर संरक्षण घातलेलं असतं. ते तोडण्याबद्दल २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं आहे. त्या वाटेला मी जात नाही.

आधी तक्रार नीट बघू. गिऱ्हाईक 'अडकतंय' म्हणून मोकळं होतं, पण पडद्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी होत असतात. चित्र आणि आवाज दोन्ही ठप्प होतात आणि आतून चर्र-चर्र आवाज येतो, म्हणजे लेन्स तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघतेय आणि तिला जमत नाहीये. चित्राचे रंगीत चौकोन होतात, आवाज तुटतो, पण गाडी पुढे जात राहते, म्हणजे वाचलं गेलंय पण मधला मजकूर (डिस्कवरचा चित्र-आवाजाचा डेटा) गहाळ किंवा चुकीचा आहे. चित्र दोन-पाच सेकंद पुढे उडी मारतं, म्हणजे प्लेअरनं प्रयत्न सोडून दिला. आणि चौथा प्रकार: काहीच थांबत नाही, पण माणूस आडवा चालत गेला की त्याच्या कडा थरथरतात. चौथ्याचा डिस्कशी काडीचा संबंध नाही. त्याकडे नंतर येऊ.

डिस्कच्या पोटात

डीव्हीडी बाहेरून एक दिसते, पण त्या असतात दोन पातळ चकत्या. प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींना चिकटवलेल्या. मजकूर असतो तो या दोहोंच्या मध्ये. सीडीत तो वरच्या लेबलच्या अगदी खाली असतो, म्हणून सीडीच्या वरच्या बाजूला ओरखडा पडला की खेळ खलास. डीव्हीडी त्या बाबतीत दणकट आहे. पण तिचा सांधा मध्ये असल्यामुळे ती वाकवलेली तिला सोसत नाही. घट्ट डबीतून काढताना मधलं बटण न दाबता कडेला धरून ओढायची सवय अनेकांना असते. चकती कमानीसारखी वाकते, 'टक्' वाजतं आणि सुटते. असं वर्षानुवर्षं केलेल्या डिस्कवर कधी कधी मधल्या भोकापासून निघालेल्या बारीक चिरा दिसतात.

मजकूर लिहिलेला असतो एकाच लांबलचक सर्पिल रेषेत. ती आतून सुरू होते आणि बाहेर जाते. शेजारच्या दोन वळणांत अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साडेतेराशेच्या आसपास वळणं. कंपनीतून छापून येणाऱ्या डिस्कमध्ये खड्डे दाबून उठवलेले असतात. आपण राईट करतो त्या कोऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि रायटरचा लेझर त्यावर तापवून डाग पाडतो. प्लेअरचा ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर खड्डा काय, डाग काय, परत येणाऱ्या उजेडाच्या फरकावरूनच ओळखतो. खड्ड्याच्या कडा मात्र स्पष्ट असतात. डागाच्या कडा कशा उमटतील ते रंगद्रव्य, लेझरची ताकद आणि राईट करण्याचा वेग यांवर ठरतं. छापील डिस्क सुरळीत चालते आणि घरची अडकते, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथं आहे.

ट्यूबलाइटखाली घरची डिस्क तिरकी धरून बघा. जांभळट पृष्ठभागावर एक वर्तुळ दिसेल, ज्याच्या आतली छटा थोडी वेगळी आहे. तिथपर्यंत राईट झालं आहे, पुढचा भाग कोरा. वर्तुळ दिसतच नसेल आणि छटा थेट कडेपर्यंत एकसारखी असेल, तर डिस्क काठोकाठ भरलेली आहे.

आता एक गणित, जे माहीत नसल्यामुळे बरीच फसगत होते. मजकूर केंद्रापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ मिलिमीटरवर संपतो. बाहेरची वळणं मोठी, त्यामुळे त्यांत मजकूरही जास्त मावतो. भरलेल्या डिस्कचा निम्मा मजकूर संपतो तेव्हा लेझर केंद्रापासून ४४ मिलिमीटरवर पोचलेला असतो. बाहेरच्या फक्त एका सेंटीमीटरच्या पट्ट्यात साधारण ३८ टक्के मजकूर असतो. आपण बोटं लावतो, पडली की टेकते आणि वाकडी असली की सगळ्यात जास्त हेलकावते, ती हीच कड.

चुका तर पहिल्या दिवसापासून असतात

कुठलीच डीव्हीडी बिनचूक नसते. नवी कोरी, आत्ता राईट केलेली डिस्कसुद्धा वाचताना शेकडो ठिकाणी चुकते. तरी चित्र स्वच्छ दिसतं, कारण डिस्कवर चुका दुरुस्त करायची सोय आधीच केलेली असते.

शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीवरची जुनी वही आठवा. पानभर रकाने, प्रत्येक ओळीची आडवी बेरीज उजवीकडे, प्रत्येक रकान्याची उभी बेरीज खाली. चहा सांडून मधला एखादा आकडा पुसला, तरी दिवाणजी दोन्ही बेरजांवरून तो परत काढतात. डीव्हीडीवर मजकुराचे ३२ केबीचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा असाच मांडतात: १९२ ओळी, दर ओळीत १७२ अक्षरं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तपासणीची १० अक्षरं आणि खाली तपासणीच्या १६ जादा ओळी. म्हणजे डिस्कवर लिहिलेल्यातला सुमारे १३ टक्के भाग नुसत्या बेरजांचा. एका ओळीत पाच चुकांपर्यंत आडवी बेरीजच निभावून नेते. त्याहून जास्त झाल्या की ती ओळ उभ्या बेरजेकडे जाते. तिथंही हिशेब लागला नाही, तर तो ३२ केबीचा तुकडा बुडाला.

'काल तर मस्त चालत होती की!' या तक्रारीचा उलगडा इथं होतो. चुका वर्षानुवर्षं हळूहळू वाढत असतात, पण हिशेब लागतोय तोवर पडद्यावर त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. एक दिवस मर्यादा ओलांडली जाते आणि चांगली वाटणारी डिस्क एकदम ठप्प होते.

गोल पुसण्यानं काय बिघडतं तेही आता लक्षात येईल. केंद्राकडून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वळणाला एकाच ठिकाणी छेदतो. चूक थोडकी, बेरजेत निघून जाते. गोल ओरखडा एकाच वळणाच्या बाजूनं लांबवर जातो आणि सलग ओळीच्या ओळी खातो. म्हणून पुसायचं ते मऊ सुती कापडानं, मधून बाहेर, सरळ रेषेत. चिकट डाग असेल तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब. शर्टाच्या टोकाला धूळ असते आणि धूळ ओरखडते, हे वेगळं सांगायला नको.

आता मिनिटांकडे

अडकली की वेळ लिहा. डिस्क काढून परत लावा, त्याच जागेच्या थोडं मागून चालवा. पुन्हा त्याच सेकंदाला थांबली, तर दोष डिस्कमध्ये नाहीतर तिच्यावरच्या मजकुरात. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबली, तर संशय प्लेअरवर.

शेवटच्या अर्ध्या तासात अडकत असेल आणि डिस्क काठोकाठ भरलेली असेल, तर कड. लग्नाच्या डिस्कमध्ये नेमकी पाठवणी तिथं असते, म्हणून घरातल्या बायका जास्त हळहळतात. पुढच्या वेळी राईट करताना डिस्क भरूच नका. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तीच डिस्क ४.३७ दाखवतं. हा मोजायच्या पद्धतीतला फरक आहे, दुकानदारानं फसवलेलं नाही. खोक्याच्या हिशेबानं ४ जीबीवर थांबलात, तर कडेचे साडेतीन मिलिमीटर मोकळे राहतात. सव्वादोन तासांचं शूटिंग एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा दोन डिस्क कराव्यात. कोरी डिस्क काही महाग नाही.

डिस्क सुरूच होत नसेल, 'नो डिस्क' येत असेल, किंवा मेन्यूवरच लटकत असेल, तर आतला भाग किंवा डिस्कचा प्रकार बघा. राईट केल्यावर ती फायनलाइझ, म्हणजे बाकीच्या प्लेअरना वाचता येईल अशी पक्की बंद, झाली होती का? काही रेकॉर्डर हे काम वेगळं करायला लावतात आणि ते राहून जातं. रीरायटेबल डिस्क असेल तर तिच्यावरून उजेडच कमी परततो, १८ ते ३० टक्क्यांच्या आसपास. साध्या डिस्कवरून ४५ टक्क्यांच्या वर. जुने प्लेअर त्यामुळे रीरायटेबलला हात लावत नाहीत. प्लस-आर जातीच्या (खोक्यावर DVD+R लिहिलेल्या) डिस्कवर आणखी एक सोय असते. राईट करताना तिची नोंद 'डीव्हीडी-रॉम' अशी करता येते, म्हणजे जुना प्लेअर तिला छापील समजून वाचतो. रायटरची साथ असेल तर इमबर्न हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम हे करून देतो. डॅश-आर (DVD-R) डिस्कला ही सोय नाही.

साडेआठ जीबीची दुहेरी थराची डिस्क असेल आणि मध्यात कुठेतरी क्षणभर थबकून पुढे जात असेल, तर लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातोय. छापील सिनेमातही हे होतं. सोडून द्या.

अक्षता आणि गुलाल

कसबा बावड्याच्या एका मावशींची तक्रार मला फार आवडली होती. "दादा, सगळं झ्याक चालतंय बघा. मंगलाष्टकं हुत्यात, आन् अक्षता पडायला लागल्या की तिथंच गप्प बसतंय. परत लावलं तरी तिथंच!" डिस्क पुसून झाली होती, दुसरी प्रत काढून झाली होती, आणि दुसरी प्रतही अक्षतांनाच थांबत होती. घरात एव्हाना अपशकुनापर्यंत चर्चा गेलेली.

कारण डिस्कवर नव्हतं. व्हिडिओ दाबून लहान करताना प्रोग्रॅम एका चौकटीतून (फ्रेममधून) पुढच्या चौकटीत काय बदललं तेवढंच प्रामुख्यानं लिहितो. भटजी उभे आहेत, अंतरपाट स्थिर आहे, तोवर लिहायला फारसं नसतं. अक्षता पडायला लागल्या की पडदाभर हजारो ठिपके, प्रत्येक चौकटीत नव्या जागी. त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश. दाबायला काही उरतच नाही आणि दर सेकंदाला लागणारा मजकूर एकदम वर चढतो. जोतिबाच्या यात्रेच्या शूटिंगमध्ये गुलालाची उधळण हा त्याहून मोठा कहर. गर्दी, सासनकाठ्या आणि हवेत रंगाची भुकटी; दाबणाऱ्या प्रोग्रॅमला याहून अवघड काही देणं कठीण.

आता आकडे. साध्या वेगानं फिरणाऱ्या डीव्हीडीवरून सेकंदाला सुमारे ११ मेगाबिट मजकूर येतो. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमात चित्र, आवाज सगळं मिळून १०.०८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, त्यात चित्राला जास्तीत जास्त ९.८. छापील डिस्क हे पेलते. घरच्या डिस्कवर एखादा तुकडा दुसऱ्यांदा वाचावा लागला, तर त्या वेळात प्लेअर आपल्या स्मृतीतला शिल्लक मजकूर दाखवून वेळ मारून नेतो. मागणी कमाल पातळीवर असताना ती शिल्लक लगेच संपते आणि चित्र गोठतं. हीच डिस्क बाकी सगळीकडे तेवढ्याच चुका करत असते. तिथं प्लेअरला उसंत मिळते, इथं मिळत नाही.

मावशींच्या डिस्कमध्ये कमाल मर्यादा ९.८ वर सोडलेली होती आणि आवाज न दाबलेल्या पीसीएम प्रकारात होता, जो एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट खातो. म्हणजे अक्षतांच्या क्षणी चित्रानं कमाल गाठली की आवाज धरून बेरीज नियमाच्याही बाहेर. मूळ टेपवरून पुन्हा फाइल बनवली, चित्राची कमाल ८ ठेवली, सरासरी ५ ते ६, आणि आवाज डॉल्बी डिजिटल या दाबलेल्या प्रकारात. अक्षता पडल्या, मंगलाष्टकं संपली, पुढे सरकलं. सरासरी ५ मेगाबिट धरली तर एका डिस्कवर दोन तास बसतात, हे सोयीचं माप लक्षात ठेवा.

दोष मजकुरात आहे का हे तपासायची सोपी वाट: डिस्कवरचं 'व्हिडिओ टीएस' फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा आणि संगणकावरच्या व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालवा. तिथंही त्याच जागी चौकोन दिसले, तर ते मूळ फाइलमध्येच आहेत. डिस्क बदलून उपयोग नाही. फोल्डर उतरवताना त्याच जागी संगणक अडखळला, तर डिस्क खराब. फोल्डर सहज उतरलं, व्हीएलसीवर छान चाललं आणि टीव्हीखालच्या प्लेअरवरच अडकतंय, तर वरचा मेगाबिटचा घोळ किंवा प्लेअर.

थरथर राहिली होती. जुन्या टीव्हीच्या पद्धतीत एक चौकट दोन अर्ध्यांत लिहितात, सम आणि विषम ओळींच्या. मिनी-डीव्ही टेपवर खालचं अर्धं आधी येतं, नंतरच्या एचडी कॅमेऱ्यांत वरचं. फाइल बनवताना हा क्रम उलटा पडला की हालचाल एक पाऊल मागे, दोन पुढे अशी दिसते. फुटबॉलच्या सामन्यात तर बघवत नाही. संगणकावर हे कित्येकदा कळतच नाही, टीव्हीवर लावल्यावर समजतं. फाइल परत बनवावी लागते, दुसरा इलाज नाही.

राईट करताना

कोऱ्या डिस्कच्या खोक्यावरचं नाव आणि आतला माल बनवणारा कारखाना एकच असेल असं नाही. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येतो. खरी ओळख डिस्कच्या आतल्या भागात कोरलेल्या सांकेतिक नावात असते. इमबर्नमध्ये कोरी डिस्क घातली की उजवीकडच्या माहितीत ते दिसतं. रायटर तेच नाव वाचतो आणि आपल्या यादीत शोधतो, की या रंगद्रव्याला लेझर कसा, किती ताकदीनं मारायचा. नंतर आतल्या राखीव पट्ट्यावर थोडं लिहून ताकद जमवून घेतो. नाव यादीत नसेल तर सरधोपट पद्धतीनं लिहितो, आणि अशा डिस्क पुढे जास्त त्रास देतात. चांगली चाललेली डिस्क सापडली, तर तिचं सांकेतिक नाव लिहून ठेवा. खोक्याच्या रंगावर जाऊ नका.

वेगाबद्दल एक समज घट्ट बसलाय: जितकं हळू, तितकं चांगलं. अर्धं खरं आहे. सोळापट वेगाला कड भरताना डिस्क मिनिटाला नऊ हजारांवर फेरे घेते. जरा असमतोल असली तरी थरथरते आणि डाग वाकडेतिकडे पडतात. पण सोळापटीसाठी बनवलेलं रंगद्रव्य अगदी कमी वेगालाही नीट उमटतंच असं नाही. माझा अनुभव आठपटीचा आहे. पूर्ण डिस्क सात-आठ मिनिटांत होते. तेवढा वेळ चहाला लागतोच. राईट चालू असताना त्या संगणकावर दुसरं काही करू नका. आणि डिस्क झाल्यावर 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासणं, वगळू नका. मात्र ते त्याच रायटरवर असतं आणि आपलं लिखाण प्रत्येकालाच वाचता येतं. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर वाचून बघा.

कागदी गोल लेबल चिकटवायची हौस सोडा. नवऱ्या-नवरीचा फोटो असलेलं लेबल सुंदर दिसतं, पण केसभर जरी सरकलं तरी डिस्कचा तोल जातो. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि चकती वाकते. कड पुन्हा पहिली मरते. मऊ टोकाच्या मार्करनं तारीख आणि नाव लिहा, बास. बॉलपेन नको.

प्लेअर

छापील डिस्कही अडकत असेल, तर प्लेअर. छापील चालते आणि घरच्या सगळ्याच अडकतात, तरी बहुतेक वेळा प्लेअरच: लेझर म्हातारा झाला की भक्कम परावर्तन देणारी डिस्क वाचतो, घरची त्याला झेपत नाही. लेन्सवर धूळ बसली तरी लक्षणं हीच. आधी लेन्स साफ करून बघा, मग बदलायचं ठरवा. कुठलीही डिस्क लावा, अर्ध्या-पाऊण तासानं थांबते आणि बंद करून गार झाल्यावर परत चालते, असं असेल तर आतली कुठली तरी वस्तू तापतेय. सेट टॉप बॉक्सवर प्लेअर ठेवलेला असेल तर तो आधी खाली घ्या. आणि पेनड्राइव्ह किंवा एमपी-फोर फाइलींची डिस्क अडकत असेल, तर तो फाइलीच्या प्रकाराचा प्रश्न असतो. या लेखातलं फारसं काही तिथं लागू नाही.

गेलेली डिस्क आणि पुराचं पाणी

मूळ टेप शिल्लक नाही, फाइल कुणाकडे नाही आणि डिस्क एवढी एकच, अशी वेळ आली तर प्लेअरवर पुन्हा पुन्हा लावून बघणं आधी थांबवा. संगणकावर तिची पूर्ण प्रतिमा (इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) काढा. विंडोजचं साधं कॉपी-पेस्ट पहिल्या अडथळ्याला हात टेकतं. लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम मुद्दाम अशाच कामासाठी आहे. तो आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि मग त्याच जागांवर परत परत येतो. ती यादी जपून ठेवली, तर तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेल्या जागा वाचता येतात. ड्राइव्ह बदलल्यावर पडणारा फरक बघून लोक चकित होतात. टूथपेस्ट घासायचा प्रयोग सगळ्यात शेवटी, आणि तोही खालच्या बाजूला ठळक ओरखडा असेल तरच. एकदा वाचून घ्यायचं, डिस्क परत वापरायची नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेलं की पुढे काय होतं, हे प्रयाग चिखली-आंबेवाडीला किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर चिखलानं माखलेल्या डिस्क पिशव्या भरभरून आल्या होत्या. कॅसेटपेक्षा या बऱ्या. प्लास्टिकला पाण्याचं फारसं वाटत नाही. घात करतो तो वाळलेला चिखल, कारण तो पुसताना वाळूच्या कागदासारखा घासतो. म्हणून ओल्या असतानाच डबीतून काढा, आतला कागद फेका, स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरा, हात न लावता चिखल सुटू द्या आणि सावलीत उभ्या ठेवून वाळवा. उन्हात नको, रंगद्रव्याला ऊन चालत नाही. वरची शाई धुऊन जायच्या आत कुठली डिस्क कुणाची, ते कागदावर लिहा.

लग्नाच्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक वाट आहे, जी सहसा कुणाला सुचत नाही. फोटोग्राफरनं बहुधा माहेरी एक आणि सासरी एक अशा दोन प्रती दिलेल्या असतात. दोन्ही एकाच प्रतिमेवरून राईट झाल्या असतील, तर त्या अक्षर न् अक्षर सारख्या असतात. ओळखायचं कसं? दोन्हींचा एकूण आकार बाइटपर्यंत जुळतो का ते बघा. जुळला, तर आपल्या डिस्कवर डीडीरेस्क्यू चालवून अडलेल्या जागांची यादी काढायची, मग सासरची डिस्क घालून त्याच यादीवर फक्त तेवढ्या जागा भरून घ्यायच्या. दोन्ही डिस्क प्लेअरवर अर्धवट चालत असताना संगणकावर पूर्ण लग्न निघालंय, असं होतं. दोन्हींत एकच जागा गेली असेल, तर तेवढे सेकंद मात्र गेले. तिथं चौकोन दिसतील आणि पुढचं चालू राहील.